उलटी घडी

जामबागच्या तारामतीबाई लेकीच्या लग्नपत्रिकांची पाकिटं घरीच करत होत्या. खाचांच्या फळीवर छापील कागद ठेवून बोथट सळईने रेघ दाबली की घडी सरळ पडे. तेवढ्यात थोरला विकास व्याह्यांकडून परतला. “आई, मोडलं लग्न. मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. आता त्यांना कॉम्प्युटर शिकलेली सून पाहिजे.” “घेऊन या म्हणावं! नवऱ्याला भाकऱ्याही कॉम्प्युटरच थापून देईल.” छापलेली नावं आत जाऊन पाकिटं दुसऱ्या कामाला यावीत म्हणून बाईंनी पाकीट उलटं दुमडलं. दाबलेली रेघ उलटी वळेना, कागद तडकला. दुसराही तडकला. “मेल्या दुकानदाराने कागदच हलका दिला.” लेक अश्विनी तुकडे वेचत म्हणाली, “आई, दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासला लग्न ठरल्यावर तू नक्को म्हणालीस. आता जाऊ?” ‘जा’ बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते भलतंच: “आता गेलीस तर त्यांचंच खरं ठरेल.”