शिबिराचे उद्घाटक

रक्तदान शिबिराच्या खाटेवर आडवं होताना बापूरावांना पुन्हा घेरी आली. पण फोटोग्राफर समोरच उभा होता, म्हणून ते हसले. चामोर्शीच्या बाजारचौकातला मांडव गच्च भरला होता. वाढदिवस त्यांचा, शिबिर त्यांचं, पहिल्या रक्तदात्याचा मानही त्यांचाच.

परवाच चंद्रपूरला डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून त्यांच्या पित्तनळीतला खडा काढला होता. त्यासाठी नळीच्या तोंडाला बारीक छेद द्यावा लागला. "शौचाला काळं झालं, चक्कर आली, तर लगेच या," असं डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही बजावून सांगितलं होतं. आज सकाळपासून दोन्ही सुरू होतं. बायकोनं, गुणाबाईनं, तब्येत विचारली तेव्हा मात्र बापूराव म्हणाले, "एकदम फस्क्लास." पुढारी म्हणून जनतेला वर्षानुवर्षं हेच सांगून जिभेला वळण पडलं होतं.

"साहेबांचा चेहरा पांढरा दिसतोय," नर्स म्हणाली.

"साहेब पहिलेपासूनच गोरे हायेत," त्यांचा खास कार्यकर्ता मिथुन म्हणाला. "सुई टोचू नका, फोटोपुरती धरा."

नर्सनं सुई धरली आणि बापूरावांना भडभडून रक्ताची उलटी झाली. पांढरा सदरा लाल झाला.

मिथुननं माईक ओढला. "बंधूंनो, साहेबायनं जनतेसाठी रक्त सांडलं!"

टाळ्या पडल्या. गुणाबाई गर्दी रेटत पुढे आली आणि तिनं माईक हिसकावला. "भाषण मंग करजा! यायच्या पोटात रक्त वाहून राह्यलं. गाडी आना!"

चंद्रपूरला डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. छेदाच्या जागेतून रक्त झिरपत होतं. तिथं इंजेक्शन दिलं, बारीकसा चिमटा बसवला. रक्त थांबलं.

"पण अंगातलं रक्त फार कमी झालंय," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "कोण देतंय?"

व्हरांडा कार्यकर्त्यांनी भरला होता. कुणाला मागे ताप येऊन गेला होता, कुणाचा उपास होता. मिथुनला महत्त्वाचा फोन आला. गुणाबाईनं बाही वर सारली. गट जुळला.

दुसऱ्या दिवशी रक्त कुणाचं ते कळलं, तेव्हा बापूरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात धरला.

"गुणा, या खेपेले तिकीट तुलेच!"

"तिकीट राहू द्या," ती म्हणाली. "तुमी घरी तरी खरं बोलत जा."