दहा सेकंद

लकव्यानं आप्पांचा उजवा खांदा लुळा पडला, त्याला वर्ष झालं. त्यांची लेक आशा रोज सकाळी त्यांच्या खांद्याला पट्ट्या चिकटवून मशीन लावायची. करंट दिला की हात आपोआप वर उचलला जायचा आणि दहा सेकंदांनी पडायचा. आप्पांचं रोजचं एकच म्हणणं, "कमी कर ना माय, चटके लागतस."

आज आशाची पाठवणी. गाडी दारात उभी होती. ती खुर्चीतल्या आप्पांच्या पाया पडली. त्यांनी डावा हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

"डाव्या हातानं कसा आशीर्वाद देऊ, माय?"

शालू सावरत ती आत गेली आणि मशीन घेऊन आली. पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं. उजवा हात वर आला तसं तिनं त्याखाली डोकं सरकवलं. हात केसांवर टेकला. दहा सेकंदांनी घसरून पडला.

बाहेरून हाका येत होत्या. आशा पट्ट्या काढायला लागली.

"ऱ्हाऊ दे. परत डोकं ठेव," आप्पा म्हणाले, आणि डाव्या हातानं मशीन ओढून घेत त्यांनी करंट शेवटपर्यंत वाढवला.