आतली शिवण

"पासवर्ड सांग म्हणतोय ना! चोवीस तासांत खातं बंद होणार. हे बघ, ईमेलमध्ये लाल अक्षरांत लिहिलंय."

थोरल्या भावाने तिचाच मोबाईल तिच्या नाकासमोर नाचवला. ती शिलाई मशीनवर वाकलेली, पुढ्यात गिऱ्हाइकाचा कोट. कपडे दुरुस्तीचे पैसे त्या ऑनलाइन खात्यात जमा व्हायचे. नव्या मशीनसाठी दोन वर्षं तिने त्यांना हात लावला नव्हता.

"थांब दादा, बघू दे."

"तू काय बघणार? आठवी नापास! तीस वर्षं ऑफिस चालवलंय मी."

तिची कानशिलं तापली. कुठलाही कपडा हाती आला की ती आधी उलटा करायची. वरून सगळेच देखणे. लबाडी असते ती आत. तिने मोबाईल हिसकावून घेतला.

वर पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं चित्र, तोच निळा रंग, सगळं कसं झोकात. खाली 'प्रिय ग्राहक'.

"कंपनी मला नावाने लिहिते, दादा. हा कोण मला प्रिय म्हणणारा?"

तिने पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं. आतून पत्ता निघाला. आकडे, अक्षरांची गिचमीड. कंपनीचा त्यात मागमूस नाही.

"वरून रेशीम, आत गोणपाट! माझ्या दोन वर्षांवर टपलात होय रे, मेल्यांनो!"

"उगाच फाटे फोडू नकोस. खरीच आहे ती ईमेल."

"कशावरून?"

"आहे म्हणतो ना!" त्याचा आवाज चिरकला.

तिने मान वर केली. दादाचं कपाळ घामाने डबडबलं होतं. नजर तिच्याकडे नव्हतीच, कोटाच्या बाहीवर होती.

"तुलाही आली होती?"

"सकाळी."

"आणि तू भरलंस सगळं?"

त्याच्या खिशात मोबाईल टिंगकन वाजला. लगेच पुन्हा. त्याचा हात हलला नाही.

"अरे, पैसे चाललेत तुझे, बँकेला फोन लाव! माझ्यावर डाफरायला घसा आहे ना? मग आता तो का बसला?"

तिसऱ्यांदा वाजलं तशी ती उठली, सरळ त्याच्या खिशात हात घातला आणि मोबाईल ओढून काढला. कडक इस्त्रीच्या पँटचा खिसाही त्याबरोबर उलटा होऊन बाहेर आला, आणि ती बँकेचा नंबर शोधत असताना तसाच लोंबत राहिला.