चौघांचं एकमत

यानाची बॅटरी भराभर उतरत होती. ते नजरेआड जाऊन संपर्क तुटायला नऊ मिनिटं उरली होती, आणि पडद्यावर चारही प्रोग्राम एकच सांगत होते: इंधनाच्या नळीचा हीटर बंद करा, बॅटरी वाचवा. एक वीज बघणारा, एक तापमान बघणारा, एक दिशा सांभाळणारा. चौथ्याचं काम फक्त खोट काढायचं. त्यालाही आज खोट सापडली नव्हती.

"चौघांचं एकमत आहे, बाई. द्या हुकूम," नियंत्रण कक्षाचे प्रमुख म्हणाले. त्यांचं जेवण राहिलं होतं.

यान चालवणाऱ्या बाई थांबल्या. त्यांनी स्वतःही हेच केलं असतं, आणि घोडं अडलं होतं ते तिथंच. चौघंही बाईंच्याच बावीस वर्षांच्या नोंदी वाचून शिकलेले. म्हणजे चौघं कसले, आपणच चार वेळा मान डोलावतोय.

त्यांनी फोन उचलून आडमुठ्यांना लावला. खरं आडनाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. एकवीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून हा माणूस रोज बाईंशी भांडला. प्रोग्राम आले आणि त्याला घरी बसवलं. त्या भांडणातलं एक अक्षर कुठं उतरलं नाही. वहीत फक्त निर्णय लिहायचा, अशी तिथली रीत.

"हीटर बंद करतेय. नळी अठरा अंशांवर आहे."

"किती आकड्यांवरून म्हणताय?"

"एका."

"मग दुसरा येऊ द्या. घसा सुकला माझा हे सांगून सांगून."

दुसरा आकडा यायला सहा मिनिटं लागत. एकदा नळी गोठली की यान कायमचं गेलं, आणि नुसतं थांबून राहिलं तर बॅटरी चालली. प्रमुख घड्याळाकडे बघत म्हणाले, "जबाबदारी तुमची हं."

"आजवर कुणाची होती?" बाई म्हणाल्या.

आकडा आला. चार अंश. मघाचा अठरा सकाळचाच होता, तोच परत आलेला. हीटर बंद केला असता तर तासाभरात नळी गोठून सगळा खेळ आटोपला असता. बाईंनी हीटर चालू ठेवला, बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद केला. यानानं हुकूम मिळाल्याचं कळवलं आणि ते नजरेआड गेलं. प्रमुख जेवायला गेले.

फोन चालूच होता.

"वाचलं का?"

"वाचलं."

"ठेवतो मग. धुणं वाळत घालायचं राहिलंय."

"उद्या येता का हो?"

"येऊन काय करू? तुमचं ते नवं काही मला कळत नाही."

"काही करू नका. माझ्याशी भांडा." बाईंनी वहीचं कोरं पान पुढं ओढलं. "या वेळी मी लिहून घेते."