तीनदा ऐकलेला निरोप

"बाबा, तुला ऐकू कमी येतं का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून तिने विचारून टाकलं. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? घरी येणाऱ्या प्रत्येकीला बाबा एकदा तरी "पुन्हा सांग" म्हणायचेच.

बाबा शर्टाला इस्त्री करत गालातल्या गालात हसले. उत्तर आईनेच दिलं.

"कमी कसलं? तू झालीस तेव्हा हे भर समुद्रात, जहाजाच्या रेडिओवर. किनाऱ्यावरून निरोप आला तो नेमका यांच्याच पाळीत. 'मुलगी झाली, दोघी सुखरूप.' यांनी 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' करत तीनदा म्हणायला लावलं त्या माणसाला."

"फार खरखर होती का रे?"

"छे. शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज येत होता," बाबा कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाले. "पण असलं एकदाच ऐकून कसं भागणार?"

तिला हसू आलं. कितीतरी दिवस एक वाक्य जिभेवर घोळत होतं. पण "या घरातून समुद्राला एक माणूस दिला, तेवढं बास" हे बाबांचं ठरलेलं बोलणं आठवलं की ती ते गिळून टाकायची. आज मात्र तिने गिळलं नाही.

"आईबाबा, शाळा संपली की मी नौदलात भरती होणार. रेडिओवरच."

आईचे हात मटार सोलता सोलता थांबले. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली, खुर्ची ओढली आणि ते तिच्या अगदी समोर येऊन बसले.

"पुन्हा सांग."