साहेबांचा जबाब

"आई, मी पाणी खाते," म्हणत शकुन माठाकडे वळली.

"पाणी पितात. खायला ते काय धिरडं आहे?" कालिंदीनं पोळी लाटता लाटता सुधारलं. बंगालीत पाणी खातात, हे चार वर्षांत तिला कळून चुकलं होतं. पण पोरीनं मराठीतही ते खावं, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं. यंदा शकुनला शाळेत घालायची होती. इथल्या शाळेत गेली तर सांगलीला आजीशी बोलायला हिला दुभाष्या लागेल, असं ती नवऱ्याला सारखं ऐकवायची.

नवरा, रघुनाथ, बराकपूरच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. मुंबईच्या शाखेत बदली मागून त्याला दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी तो जिना चढून आला की कालिंदी विचारायची, "साहेबांचा जबाब आला?" तो चपला काढता काढता नकारार्थी मान हलवायचा. काल मात्र त्यानं मानही हलवली नव्हती.

आज एक मे. कामगारांना ही सुट्टी हवी होती, आणि त्यांच्या वतीनं साहेबांशी बोलायला रघुनाथच पुढे झाला होता. सुट्टी मिळाली, पण तो घरी थांबला नाही. "मैदानावर सभा आहे," एवढंच पुटपुटून सकाळी उपाशीच बाहेर पडला.

"मोक्षदामावशीला का नाही सुट्टी?" शकुननं विचारलं.

मोक्षदा मोरीत भांडी घासत होती. फाळणीत पद्मेपलीकडचं घरदार सोडून आलेली बाई. धुण्याभांड्याला हे एकच घर तिला मिळालं होतं.

"ती काय कामगार आहे? ती घरचीच," कालिंदी म्हणाली.

"घरच्यांना कसली सुट्टी," मोक्षदा हसून म्हणाली.

तेवढ्यात प्रयोगशाळेतला मदतनीस शरच्चंद्र दारात आला. हातात एक बोचकं होतं. त्यातून रघुनाथचा पांढरा कोट आणि टेबलावरची शकुनची तसबीर डोकावत होती.

"दादा नाहीत?"

"सभेला गेलेत. हे काय आणलंत?"

"दादांचं सामान. टेबल रिकामं करायला सांगितलं." तो घुटमळला. वहिनी या अर्थानं तो तिला बंगालीत बौदी म्हणे. "बौदी, साहेबांनी काल जबाब दिला. दादा बोलले नाहीत?"

कालिंदीचं लाटणं थांबलं. "दिला? अखेर दिला?"

"दिला."

"आणि हे माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत."

"कुठल्या तोंडानं बोलणार?"

तिला हसू आलं. हा माणूस असाच. आनंद झाला की मुका होतो. लग्न ठरलं तेव्हाही असाच गप्प होता म्हणे. सुट्टीच्या दिवशी सांगून तिला चकित करायचा बेत असणार.

"मग आता कारखान्यात कधीपर्यंत जायचं?"

"कालच शेवटचं."

"सुटलो एकदाचे," कालिंदी म्हणाली.

शरच्चंद्र तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याच्या हातावर गूळखोबरं ठेवलं. त्यानं ते खाल्लं नाही, मूठ मिटून घेतली. "बौदी, तुम्ही फार धीराच्या आहात."

"धीर धरल्याशिवाय दोन वर्षं निघाली का?"

तो निघाला. कालिंदीला काही घरात बसवेना. ती घरमालकांकडे खाली गेली. श्यामसुंदरबाबूंना भाच्याच्या संसारासाठी या खोल्या कधीच्या हव्या होत्या.

"पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करतो," ती म्हणाली.

"नक्की? मग भाच्याला आजच शब्द देतो. मागाहून फिरवाल."

"खुशाल द्या."

श्यामसुंदरबाबू खूश झाले. "तुम्हा बर्गींना, मराठा स्वारांना, अडवायला आमच्या पूर्वजांनी इथं बागबाजारात खंदक खणला. उगाच खणला. भाड्यानं खोल्या दिल्या असत्या, तर आपणहून परत गेला असतात."

कालिंदीही हसली. वर येताना तिला जिन्याच्या वळणावर शरच्चंद्र आणि मोक्षदा हलक्या आवाजात बोलताना दिसले. ती दिसताच मोक्षदानं बादली उचलली. शरच्चंद्र भिंतीशी सरकून खाली उतरून गेला.

मोक्षदा बादली घेऊन तिच्यामागून आत आली. हिलाही आजच सांगावं, म्हणजे शोधायला वेळ मिळेल, असं कालिंदीच्या मनात आलं. आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत, पण अगदी हसत, ती म्हणाली, "मोक्षदा, पुढच्या महिन्यापासून तू दुसरीकडे काम बघ हं. आमच्याकडचं बंद."

मोक्षदानं बादली खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले, आणि पुसतच राहिली.

"म्हणजे मलाही दिलात, बौदी?"

"काय दिलं?"

"कामावरून जबाब," मोक्षदा म्हणाली. "साहेबानं काल तुमच्या बाबूंना दिला, तसाच."