घरचेच आकडे

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यातलं रक्ततपासणीचं मशीन थांबलं. ते का थांबलं हे त्या इमारतीत एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती शेजारच्या खोलीत हातातला घास हातातच धरून बसली होती.

ती नोंदणी विभागातली कारकून. सगळे तिला ताई म्हणत. परवापासून ती लॅपटॉपवर हॅकिंग शिकत होती. चोरांचं नव्हे, चोरांना अडवणाऱ्यांचं. हजारो रुग्णांच्या फायली जिच्या ताब्यात, तिला कुलूप कसं फोडतात हे कळायला नको का, असं तिचं म्हणणं. लेक पोट धरधरून हसली होती. "आई, डोक्यावर ठेवलेला चष्मा तू घरभर शोधतेस. तू काय हॅकर होणार?" ताईने ते मनाला लावून घेतलं. घरी बसून, घरच्याच यंत्रांवर, तिने पहिला धडा दोनदा गिरवला: नेटवर्कवरच्या एकेका यंत्राचं दार ठोठावायचं आणि कुठलं उघडं आहे ते बघायचं. आज जेवणाच्या सुट्टीत तोच तिसऱ्यांदा गिरवायला घेतला. तीच आज्ञा, तेच आकडे.

फक्त लॅपटॉप आता दवाखान्याच्या वायफायवर होता. घरातल्या यंत्रांचे पत्ते आणि इथल्या यंत्रांचे पत्ते, आकडे अगदी सारखे; हे धड्यात कुठेतरी होतं, पण तिने ते वरवर वाचलं होतं. घरचा टीव्ही आणि प्रिंटर दिसायच्या ऐवजी पडद्यावर चाळीसएक अनोळखी नावं भराभर उतरली. त्यातलं एक रक्ततपासणीच्या मशीनचं होतं. तिने घाईघाईने सगळं बंद केलं, तोवर काचेपलीकडून भाऊचा आवाज आला, "आता याला काय झालं?"

भाऊ लॅबचा तंत्रज्ञ. तो मशीनसमोर वाकून उभा होता आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता.

दारात सिस्टर आली. "भाऊ, रिपोर्ट? बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे, रक्त थांबत नाहीये. रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर भूल द्यायला तयार नाहीत."

"मशीन अडकलंय. कंपनीचा माणूस यायला दोन तास लागतील."

"आणि बाहेरच्या लॅबला पाठवलं तर?"

"तरी तास जाईल."

"तिच्याकडे तास नाही," सिस्टर म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

ताई उठून लॅबच्या दाराशी गेली. "भाऊ, मागची नेटची वायर काढून एकदा पूर्ण बंद करून बघा ना."

"ताई, तुम्ही फायली सांभाळा." भाऊने मान वळवली नाही. "आत तिचाच नमुना आहे. बिघाड आतला असला आणि मी मध्येच बंद केलं, तर नमुना गेला आणि मशीनही गेलं. कारण कळल्याशिवाय मी बटणाला हात लावत नसतो."

कारण तिच्याजवळ होतं. तिला भीती वाटली. अठरा वर्षांची नोकरी होती. शिकवणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला बजावलं होतं: लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या दाराला बोट लावलं की तुम्ही चोर, मग हेतू कुणी विचारत नाही. आणि कुणाला कळणारही नव्हतं. मशीन जुनं होतं. सगळा दोष त्याच्या म्हातारपणावर खपून गेला असता.

"बिघाड आतला नाही," ती म्हणाली. "मी केलंय."

आता भाऊ वळला.

"शिकत होते. चुकून इथल्या सगळ्या यंत्रांची दारं एकदम ठोठावली. तुमचं जुनं आहे, ते गांगरलं. आत काही मोडलेलं नाही. वायर काढा, बंद करा, परत सुरू करा."

"नक्की?"

"नक्की," ताई म्हणाली. तिला नक्की काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांच्या विद्येवर ती बोलत होती.

भाऊने वायर उपसली, बटण दाबलं. पडदा काळा झाला. मशीन उठायला चार मिनिटं घेतं. सिस्टर घड्याळाकडे बघत होती, भाऊ पडद्याकडे, आणि ताई कुणाकडेच नाही. मग पंखा घुरघुरला, आकडे पुढे सरकायला लागले, आणि थोड्या वेळाने छापलेला कागद हातात पडताच सिस्टर वरच्या मजल्याकडे पळत सुटली.

भाऊने टेबलाच्या खणातून बिघाडाची वही काढली. "लिहावं लागेल, ताई. नावासकट."

"लिहा."

लिहिता लिहिता तो थांबला. त्याने मागची पानं उलटली, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे हेही तुमचेच प्रताप होय? महिनाभर डोकं खाजवतोय मी. तीनदा अस्संच अडकलं होतं. कंपनीवाल्यालाही काही सापडेना." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ताईने तिन्ही तारखा वाचल्या. मग परत पहिलीपासून वाचल्या. शेवटची रविवारची होती. रविवारी तिच्या विभागाला कुलूप असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी परवापासून शिकतेय. मग या तीन वेळा दारं कुणी ठोठावली?"